कर्ज डोक्यावर असताना युरोप फिरावं का?

पत्र थोडक्यात: मुलगी २४ वर्षांची, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावची. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, आता निवृत्त आहेत. आई घरी शिवणकाम करते. राहतं घर तारण ठेवून १८ लाखांचं शैक्षणिक कर्ज काढलं आणि दीड वर्षापूर्वी ती जर्मनीतल्या ऱ्हूर भागात मेकॅनिकलच्या मास्टर्सला गेली. पहिलं वर्ष ब्लॉक अकाउंटमधल्या, म्हणजे व्हिसासाठी आधीच भरून ठेवलेल्या आणि दरमहा ठरावीकच काढता येणाऱ्या पैशांवर निघालं. आता पार्सलच्या गोदामात आठवड्याला १६ तास काम करून ती आपला खर्च भागवते. गेले काही महिने घरून पैसे मागवलेले नाहीत. डिसेंबरात ती मैत्रिणीबरोबर तीन दिवस प्रागला जाऊन आली. घरी सांगितलं, ‘प्रोजेक्ट आहे, लायब्ररीत असते.’ चार्ल्स पुलावर उभी असताना आईचा व्हिडिओ कॉल आला, तो तिनं कट केला. तेव्हापासून मनाला टोचणी आहे. आता मार्चअखेर चौघांचा, म्हणजे दोन मुली आणि दोन मुलगे यांचा, बेत आहे: नऊ दिवसांत व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम, मिलान, झुरिक आणि पॅरिस. खर्च माणशी ६०० युरो. परतल्यावर चार दिवसांनी, गेल्या वेळी राहिलेल्या पेपरची फेरपरीक्षा. मित्र म्हणतात, आत्ता नाही तर कधीच नाही. ती विचारते, ‘कर्जाच्या पैशांतून युरोप फिरणं ही आईबाबांशी बेइमानी नाही का? आणि गेलेच तर घरी काय सांगू? बरोबर मुलगे आहेत हेही सांगू?’

प्रिय मैत्रिणी,

आधी इटलीचं उत्तर देते, कारण त्याला तारीख आहे. या खेपेला जाऊ नकोस. तुझा पेपर आहे म्हणून. कर्जाचा प्रश्न वेगळा आहे. तू पत्रात दोन्ही इतके एकत्र बांधले आहेस की एक सोडवायला गेलं की दुसरा अडतो, म्हणून ते मी सुटे करते आहे.

पेपरचं आधी. तू लिहिलं आहेस की ही दुसरी खेप आहे आणि तिसरी शेवटची. जर्मन विद्यापीठांत याचा अर्थ काय होतो हे तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे: शेवटचा प्रयत्नही गेला तर तो अभ्यासक्रमच हातचा जातो, आणि त्याबरोबर राहण्याच्या परवान्याचाही प्रश्न उभा राहतो. नऊ दिवसांची सहल करून चार दिवसांत असा पेपर देणं कुणाला जमत असेलही. पण तुझा बेत मी कागदावर मांडून पाहिला. ऱ्हूरपासून व्हेनिस, तिथून फ्लॉरेन्स, रोम, मग परत वर मिलान, झुरिक, पॅरिस आणि घर. रेल्वेनं गेलात तर गाडीत बसण्याचेच तीस तासांच्या आसपास होतात. त्यात स्टेशनवरच्या वाट पाहण्याचा, पाठीवरची सॅक ठेवायला जागा शोधण्याचा, वसतिगृहाचा पत्ता धुंडाळण्याचा वेळ धरलेला नाही. बसनं गेलात तर पैसे वाचतील आणि रात्री जातील. अशी सहल करून माणूस थकून परततो, ताजातवाना होऊन नाही. पेपर नसता तरी मी तुला म्हटलं असतं, सहातली चार शहरं गाळ.

आता ज्या गोष्टीमुळे तुला खरा त्रास होतो आहे तिच्याकडे येते. ती गोष्ट म्हणजे प्राग.

तू डिसेंबरचं जे वर्णन केलं आहेस ते मी दोनदा वाचलं. वसतिगृह रिकामं झालेलं, मजल्यावर तू आणि ती एक मैत्रीण, बाकी सगळे नाताळला आपापल्या घरी. मेन्सा, म्हणजे विद्यापीठाची खानावळ, बंद. दुकानं बंद. दुपारी साडेचारला अंधार. गोदामातली पाळीही त्या आठवड्यात नव्हती. अशा वेळी दोघींनी बसचं स्वस्त तिकीट काढून तीन दिवस दुसरीकडे जाणं याला मी चैन म्हणणार नाही. आपल्याकडे सणाच्या दिवशी कुणी एकटं असेल तर शेजारीण हाक मारून जेवायला बोलावते. तिथं ती हाक मारणारं कुणी नव्हतं, म्हणून तुम्ही दोघी माणसांत जाऊन आलात. परदेशात शिकणाऱ्या कितीतरी मुलामुलींचा पहिला हिवाळा असाच जातो, आणि घरी ते ‘मस्त चाललंय’ म्हणून सांगतात. तुझ्या खोटेपणाची सुरुवात मला प्रागच्या आधीपासूनची वाटते. एकटं वाटतंय हे तू घरी कधी सांगितलं नाहीस, मग त्यावरचा उपाय तरी कसा सांगणार होतीस?

तुला टोचतंय ते कट केलेल्या फोनमुळे. समज, पुलावरून तू तो फोन उचलला असतास आणि म्हणाली असतीस, ‘आई, हे बघ, साडेसहाशे वर्षांपूर्वी बांधायला घेतलेला पूल’, तर आज तू मला पत्र लिहिलं असतंस का? खर्च तेवढाच झाला असता. कर्जही तेवढंच राहिलं असतं. बेइमानी हा शब्द तू प्रवासाला लावला आहेस. मला तो प्रवासाला लागू होताना दिसत नाही.

पैशांचं मात्र मी सहज सोडून देणार नाही, कारण तिथं तुझ्या मनातल्या शंकेला आधार आहे. ‘कर्जाच्या पैशांतून’ असं तू लिहितेस, पण हिशेब काय सांगतो? कर्जाची रक्कम गेली ती ब्लॉक अकाउंटमध्ये, विमान, सेमिस्टरचं शुल्क, पहिल्या वर्षीचं भाडं आणि विमा यांत. आज तू जगतेस ते गोदामातल्या कमाईवर. म्हणजे प्रागचे पैसे तुझ्या घामाचे होते. तेवढं स्वतःला मान्य कर. पण दुसरी बाजू अशी की घरी व्याज चढतंच आहे. १८ लाखांवर दहा टक्क्यांच्या आसपास व्याज धरलं तर वर्षाला १ लाख ८० हजार, महिन्याला १५ हजार रुपये. शिक्षण चालू असताना हप्ता नसतो, याचा अर्थ व्याज नसतं असा नाही, आणि हे कितीतरी मुलांना शेवटच्या सेमिस्टरपर्यंत माहीतच नसतं. तुझ्या बाबांना ते नक्की माहीत असणार.

म्हणून माझी पहिली सूचना प्रवासाबद्दल नाहीच. महिन्याला ५० युरो घरी पाठवायला लाग. रुपयांत पाच हजारांच्या आसपास. व्याजाचा तिसरा हिस्सा त्यातून निघेल. बाबांना सांग, ते थेट कर्जखात्यात भरा. शिकत असतानाच व्याज भरणाऱ्यांना काही बँका व्याजदरात एक टक्क्याची सूट देतात. तुमच्या बँकेत ती सूट आहे का, आणि त्यासाठी पूर्ण व्याज भरावं लागतं का, हे बाबांना शाखेत जाऊन विचारायला सांग. ५० जमत नसतील तर ३० पाठव. रकमेपेक्षा मला यात दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते: कर्ज हे घरात तुम्हा तिघांचं मिळून होईल. आत्ता ते बाबांनी काढलेलं आणि तू मनातल्या मनात वाहिलेलं आहे, आणि दोघंही त्याबद्दल एकमेकांशी बोलत नाही.

आता राहिला रुपयांत गुणण्याचा प्रश्न. तू लिहितेस की कॉफी घेतानाही शंभरनं गुणतेस आणि मग घेत नाहीस. पहिले सहा महिने सगळेच गुणतात. पण दीड वर्षानंतर हा हिशेब चुकीचं उत्तर देतो, कारण तू आता रुपयांत कमवत नाहीस. तासांत मोजून पाहा. २०२६ पासून जर्मनीत किमान वेतन ताशी १३.९० युरो आहे. ६०० युरोंची सहल म्हणजे ४३ तासांचं काम, म्हणजे तुझ्या जवळजवळ तीन आठवड्यांच्या पाळ्या. नऊ दिवसांच्या धावपळीसाठी तीन आठवडे खोकी उचलायची का? मी तरी उचलणार नाही. आणि जवळच्या गावी रविवार काढायला, डबा बरोबर असेल तर, जेमतेम तासाभराचं काम लागतं. ते तर केलंच पाहिजे. रुपयांत मोजलं की दोन्ही गोष्टी सारख्याच पापासारख्या वाटतात. तासांत मोजलं की त्यांतला फरक दिसतो.

एक सावधगिरी इथंच सांगते. सहलीचे पैसे जमवायला जास्तीच्या पाळ्या घेण्याचा मोह होईल. शिकायला आलेल्या परदेशी विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. ती मर्यादा ओलांडलीस तर परवान्याला धोका. आणि पुढच्या वेळी परवाना वाढवायला जाशील तेव्हा पुरेसा पैसा आहे हे पुन्हा दाखवावं लागेल. ब्लॉक अकाउंटसाठी महिन्याला ९९२ युरो हा आकडा जर्मन सरकारनं ठरवला आहे, तेवढी सोय आहे का हे परवाना देणारं कार्यालय बघतं. त्या तारखेच्या आधीचे तीन महिने खात्याला हात लावू नकोस, मग रोम कितीही स्वस्तात मिळत असो.

कर्ज काढून जर्मनीत शिकायला गेलेली तू पहिली मराठी मुलगी नाहीस. १९२८ मध्ये इरावती कर्वे बर्लिनला गेल्या त्या काँग्रेसचे नेते जीवराज मेहता यांनी दिलेल्या कर्जावर. सासरे महर्षी कर्वे, स्त्रियांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचलेला माणूस, पण सुनेनं इतक्या लांब जाण्याला त्यांचीही संमती नव्हती. इरावतीबाई गेल्या, आणि तिथं त्यांना विषय मिळाला माणसाच्या कवटीचा. मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांना त्या मोजमापांतून वंशावंशांतला उच्चनीचभाव सिद्ध व्हावासा वाटत होता. इरावतीबाईंनी मोजमापं केली आणि तसं काही निघत नाही असंच लिहिलं. परत आल्यावर त्यांनी मानववंशशास्त्राचं काम केलं ते देशभर पायपीट करून. हे सांगते आहे ते त्यांच्याशी तुझी तुलना करायला नव्हे. उधारीवर शिकणाऱ्या माणसानं डोळे खाली घालून, फक्त पदवीपुरतं बघत राहायचं असतं, असं तू गृहीत धरलं आहेस, आणि ते मला पटत नाही. कर्ज देणाऱ्यानं तुला खोलीत बसायला पैसे दिलेले नाहीत.

आणि देणारे इथं कोण आहेत? तुझे बाबा. तुझ्या पत्रात एक ओळ आहे, तू ती अशीच ओघात लिहून गेलीस: ‘लहानपणी उन्हाळ्यात बाबांच्या पासवर आम्ही सगळीकडे फिरायचो, पंढरपूर, तुळजापूर, एकदा तर माहूरपर्यंत.’ एसटीच्या कर्मचाऱ्याला कुटुंबासाठी मिळणारा तो पास. ज्यांच्याकडे हौसेला पैसे नव्हते, पण वर्षातून मिळणाऱ्या त्या पासचा एकही दिवस ज्यांनी वाया घालवला नाही, डबे बांधून, लाल गाडीत मागच्या सीटवर पोरांना मांडीवर घेऊन जे माहूरपर्यंत गेले, त्या माणसाला मुलगी प्रागला गेली म्हणून दुःख होईल, हे तू कशावरून ठरवलंस? तू त्यांना विचारलंच नाहीस. त्यांच्या वतीनं तूच रागावलीस, आणि स्वतःला शिक्षाही तूच दिलीस.

राग येणारच नाही असं मी म्हणत नाही. खोटं बोललीस याचा येईल, आणि तो यायला हवा. आईला तर जास्तच, कारण फोन तिचा कट झाला होता. तो ऐकून घे. पण प्राग हे त्या रागाचं कारण नसेल, असं मला मनापासून वाटतं.

सांगायचं कसं, हेही तू विचारलं आहेस. रविवारी सांग, तुझ्याकडे दुपार असेल तेव्हा, म्हणजे तिकडे संध्याकाळ, चहा-बिहा होऊन दोघं घरात निवांत असतील. आईला एकटीला सांगून ‘बाबांना तू सांग’ असं करू नकोस. आपल्या घरांत हे फार चालतं आणि त्यात आईची ओढाताण होते. दोघं समोर असताना सरळ म्हण: ‘डिसेंबरात मी लायब्ररीत नव्हते. हॉस्टेल रिकामं होतं, मला फार एकटं वाटत होतं, म्हणून आम्ही दोघी प्रागला गेलो. पैसे माझ्या कामाचे होते, इतके लागले. तुम्हांला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही, आणि तेच मला जास्त त्रास देतंय.’ एवढंच. मग गप्प राहा. सारवासारव करू नकोस, आणि ‘सगळेच जातात’ हे तर मुळीच म्हणू नकोस. त्यांचं बोलून झालं की महिन्याच्या ५० युरोंचं सांग. फोटो दुसऱ्या दिवशी पाठव, त्याच फोनवर नको.

पेपर राहिला आहे हे घरी माहीत आहे का, ते तू लिहिलेलं नाहीस. नसेल, तर तेही याच फोनवर. दोन गोष्टी लपवून एक सांगितली तर उरलेली दुप्पट जड होते.

या सदराच्या वाचकांत ज्यांची मुलं बाहेर शिकतात असे पालक आहेत, त्यांनाही एक विनंती. मुलाशी बोलताना अभ्यास, जेवण आणि नोकरी एवढंच विचारलं, तर मूल तेवढंच सांगायला शिकतं. ‘या रविवारी कुठं गेला होतास?’ असं एकदा विचारून बघा.

तुझ्याकडे वळते. इटली या वेळी नाही म्हटल्यावर वर्षभर खोलीतच बसायचं असा अर्थ काढू नकोस. तुझ्या सेमिस्टरच्या शुल्कात देशभर चालणारं तिकीट आलेलं आहे. बाहेरचा माणूस त्यासाठी २०२६ मध्ये महिन्याला ६३ युरो मोजतो. जलद गाड्यांना ते चालत नाही, पण प्रादेशिक गाड्या, ट्राम, बस सगळ्यांना चालतं. ऱ्हूरमध्ये राहून मेकॅनिकल शिकणाऱ्या मुलीनं तर आपल्या दाराशी काय आहे ते आधी बघावं. एसेनची त्सोलफराइन खाण १९८६ ला बंद पडली आणि २००१ मध्ये जागतिक वारसा झाली. जिथून कोळसा वर यायचा तो लोखंडी मनोरा अजून उभा आहे. वुपरटालला नदीच्या डोक्यावरून लटकत जाणारी रेल्वे आहे, १९०१ पासून चालू. तुझ्या तिकिटावर तिच्यात बसता येतं. ते रूळ, ते सांधे, डबा वळणावर कसा झुलतो, हे तू ज्या नजरेनं बघशील तसं तुझ्या चौघांतलं दुसरं कुणी बघणार नाही. कोलोनचं कॅथीड्रल १२४८ मध्ये सुरू होऊन १८८० मध्ये पूर्ण झालं. तिथल्या मनोऱ्याच्या ५३३ पायऱ्या चढून जा.

ऱ्हूरच्या दक्षिणेला आल्टेना नावाचं छोटं गाव आहे, डोंगरावर किल्ला. १९०९ मध्ये रिचर्ड शिरमान नावाचा एक शाळामास्तर मुलांना घेऊन पायी सहलीला निघाला होता, वादळात सापडला, आणि रात्र एका शाळेत काढावी लागली. गरिबांच्या मुलांनाही देश पायी बघता यावा म्हणून जागोजागी स्वस्त मुक्कामाची सोय असावी, हे त्याला तेव्हा सुचलं. पुढे आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमचं यूथ हॉस्टेल निघालं, आणि जगभर पसरलं. पैसे कमी असलेल्या विद्यार्थ्यानं हिंडणं यात लाजण्यासारखं काही नाही, असं त्या मास्तराला वाटत होतं. मलाही तसंच वाटतं.

थोडं लांब जायचं असेल तर त्रियर. रोमन लोकांनी बांधलेली काळ्या दगडांची वेस तिथं आहे. सरहद्दीपर्यंत तुझ्या तिकिटावर जाता येतं, आणि पलीकडे लक्झेंबर्गमध्ये २०२० पासून बस, ट्राम आणि रेल्वेचा दुसरा वर्ग सगळ्यांना मोफत आहे. मोझेल नदीच्या काठी तिथं शेंगेन नावाचं गाव आहे. १९८५ च्या जूनमध्ये तिथं नदीतल्या एका बोटीवर शेंगेन करारावर, म्हणजे युरोपातल्या देशांनी आपापसातली सरहद्दीवरची तपासणी उठवण्याच्या करारावर सह्या झाल्या, आणि त्यामुळेच तुझं जर्मनीच्या परवान्याचं कार्ड आज प्रागला चालतं.

कागदपत्रांचंही सांगून टाकते, कारण तुझ्यासारखी पत्रं बरीच येतात आणि यात चूक झाली तर ती महाग पडते. देश ओलांडताना पासपोर्ट आणि रेसिडेन्स परमिट दोन्ही अंगावर हवं, मोबाइलमधला फोटो चालत नाही. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीनं जमिनीवरच्या सगळ्या सरहद्दींवर तपासणी सुरू केली आहे. प्रागहून येताना बस थांबवली होती असं तूही लिहिलं आहेस. या कार्डावर बाकीच्या शेंगेन देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत राहता येतं. स्वित्झर्लंड त्यात येतं, ब्रिटन आणि आयर्लंड येत नाहीत. परवाना वाढवायला दिला असेल आणि नवं कार्ड आलं नसेल, तर हातात जो तात्पुरता कागद असतो त्यावर बाहेर जाऊन परत येता येईलच असं नाही. कोणत्या कलमाखाली तो दिला आहे त्यावर ते ठरतं, म्हणून परदेशी नागरिक कार्यालयाला लेखी विचारल्याशिवाय तिकीट काढायचं नाही. सरकारी आरोग्य विम्याच्या कार्डाच्या मागच्या बाजूला युरोपीय आरोग्य कार्ड असतं, पण आपल्यासारख्या युरोपाबाहेरच्या नागरिकांना ते स्वित्झर्लंड, डेन्मार्क, नॉर्वे अशा ठिकाणी चालेल असं धरून चालू नये. थोड्या युरोंत प्रवासाचा वेगळा विमा मिळतो, तो घ्यावा.

‘आत्ता नाही तर कधीच नाही’ हे तुझ्या मित्रांचं म्हणणं खरं नाही. पदवी मिळाल्यावर नोकरी शोधायला जर्मनी १८ महिन्यांपर्यंत राहू देते. नोकरी लागली तर पुढची वर्षं आहेतच. फ्लॉरेन्स कुठं जात नाही. ज्यांना खरोखर मुदत आहे अशा सवलती थोड्या आहेत, त्या मात्र लक्षात ठेव. पॅरिसचं लुव्र आणि फ्रान्समधली राष्ट्रीय संग्रहालयं २६ च्या आतल्या, युरोपात राहणाऱ्या विद्यार्थ्यांना मोफत आहेत. कार्ड दाखवावं लागतं. तुझ्याकडे त्यासाठी अजून वेळ आहे. युरोपभर रेल्वेनं फिरायचा इंटररेलचा पास २७ वर्षांपर्यंत सवलतीत मिळतो, आणि तू युरोपात राहतेस म्हणून भारतीय पासपोर्टवरही तुला तोच घेता येतो, बाहेरच्या पर्यटकांचा युरेल नाही. पण तो घेण्याआधी एवढं बघ की इटली आणि फ्रान्सच्या जलद गाड्यांत पास असूनही आरक्षणाचे वेगळे पैसे पडतात, आणि ज्या देशात राहतो तिथं तो फक्त जाताना एकदा आणि येताना एकदा चालतो. एकाच शहरासाठी पास महाग पडतो. आधी काढलेलं साधं तिकीट बरं.

मधला एक मार्ग तुझी मैत्रीण सुचवते आहे असं दिसतं: तू फक्त पहिले चार दिवस जा आणि रोमहून परत ये. मला तो सगळ्यांत वाईट वाटतो. पैसे जवळजवळ तेवढेच जातील, पेपरची धाकधूक बरोबर फिरेल, आणि परतताना लांबचा प्रवास एकटीनं. त्यापेक्षा पेपर होऊ दे. उन्हाळी सेमिस्टर संपल्यावर, परीक्षा आटोपल्या की, एकच शहर निवड आणि चार-पाच दिवस तिथंच राहा. कुठलं, ते तू ठरव. मला विचारशील तर फ्लॉरेन्स, कारण ते पायी फिरता येतं आणि ब्रुनेलेस्की या वास्तुकारानं आधाराची लाकडी चौकट न उभारता तिथल्या कॅथीड्रलचा घुमट कसा वर नेला, हे मेकॅनिकलच्या मुलीनं आत चढून बघण्यासारखं आहे.

आता शेवटचा प्रश्न, मुलग्यांचा. तू ज्या दोघांबद्दल लिहिलं आहेस ते दीड वर्षं तुझ्याबरोबर शिकताहेत, त्यातला एक तुझ्याच गोदामात कामाला आहे, आणि तुला त्यांच्याबरोबर सुरक्षित वाटतं. हे सगळं आईला माहीत नाही, म्हणून ‘मुलगे बरोबर आहेत’ हे वाक्य तिला अचानक ऐकावं लागलं तर ती घाबरणारच. प्रवासाच्या आधी आठ दिवस सांगायची ही गोष्ट नाही. आत्तापासून बोलण्यात त्यांची नावं येऊ देत. मेन्सात कोण बरोबर असतं, पाळीवरून रात्री परत येताना कोण सोबत असतं, हे सांग. एखाद्या रविवारी चौघं मिळून स्वयंपाक करता तेव्हा व्हिडिओ कॉल लाव आणि आईला सगळ्यांशी बोलू दे. उन्हाळ्यातल्या बेताच्या वेळी ती त्यांना ओळखत असेल. तरीही ती नको म्हणाली, तर तिचं कारण काय आहे ते नीट विचारून घे. गावातल्या बोलण्याची भीती आहे, की तुझी काळजी? काळजी असेल तर मुक्कामाचे पत्ते, तुझ्या खोलीत मुलीच असतील ही खात्री, रोज रात्री एक फोन, यांनी ती कमी होते. गावाची भीती असेल तर तिला वेळ लागेल, आणि तो तिला द्यावा लागेल. तोवर दोघी मैत्रिणीच जा. पण आईला फसवून चौघं जाऊ नका.

आणि तुझ्या ग्रुपला या आठवड्यातच स्पष्ट कळव की तू येत नाहीस. तुझ्या नावचा पलंग त्यांनी पैसे भरून राखून ठेवायच्या आत.